सदुसष्टाव्या रुग्णाआधीचे सहासष्ट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कर्करोगावरच्या इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला रोगाशी लढवणाऱ्या उपचाराबद्दल, अर्धं पान लेख आला होता. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात रुग्णाच्याच पेशी काढतात, वाढवतात, त्यालाच परत देतात आणि गाठी विरघळतात, असं त्यात लिहिलं होतं. लिहिलं ते खोटं नाही. पण या उपचाराने किती जणांना गुण येतो, किती जणांना येत नाही, त्रास काय होतो आणि हे उभं करायला किती वर्षं लागली, यातलं अवाक्षरही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीतले एक गृहस्थ ते पान घडी करून खिशात घालून माझ्याकडे आले. त्यांच्या धाकट्या भावाला तोंडाचा कर्करोग आहे, ऑपरेशननंतर पुन्हा उलटला आहे. त्यांनी सरळच विचारलं, "ताई, तुम्ही इतकी वर्षं लॅबमध्ये काढलीत. एकरभर रान विकलं तर हे इंजेक्शन मिळेल का?"

त्यांना जे सांगितलं ते, आणि चहाच्या कपात मावलं नाही ते, असं दोन्ही आपल्या वाचकांपुढे यावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. पण आपण लेखाला अर्धं पान दिलंत, तर त्याच्या दुसऱ्या बाजूला तेवढी जागा मागणं गैर ठरू नये.

मी मिरजेत हिस्टोपॅथॉलॉजीची, म्हणजे शरीरातून काढलेल्या गाठींचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात त्या विभागाची, तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि त्याच कामातून निवृत्त झाले. मी डॉक्टर नाही. पण ज्या गाठींबद्दल तो लेख होता, तसल्या गाठी मी माझ्या हातांनी कापल्या आहेत. आणि ज्या माणसाच्या कामावर तो उपचार उभा आहे, त्याचं आयुष्य मी गेली अनेक वर्षं मिळेल तिथून वाचत आले आहे. त्यांचं नाव स्टीव्हन रोझेनबर्ग. आपल्या लेखात ते नाव एकदाही आलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

रोझेनबर्ग यांचा जन्म १९४० चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. आईवडील पोलंडहून आलेले ज्यू, छोटंसं खानावळवजा दुकान चालवणारे. महायुद्ध संपल्यावर घरी पोस्टकार्डं यायची, आणि त्यांतून कळायचं की अमुक नातेवाईक छळछावणीत गेला, तमुक गेली. पाच-सहा वर्षांचं पोर ते ऐकत होतं. माणसं माणसांशी असं वागतात, तर आपण डॉक्टर होऊन माणसांचं दुःख हलकं करायचं, हे तेव्हाच मनाने घेतलं, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. जॉन्स हॉपकिन्समधून वैद्यकीची पदवी, हार्वर्डमधून बायोफिजिक्समध्ये पीएच.डी. आणि बॉस्टनला शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण, असं त्यांचं शिक्षण झालं.

१९६८ साली ते बॉस्टनमध्ये माजी सैनिकांच्या इस्पितळात निवासी डॉक्टर होते. पोटदुखीची तक्रार घेऊन एक वयस्क माजी सैनिक आला. पित्ताशय काढायचं ठरलं. जुने कागद काढून पाहिले तर बारा वर्षांपूर्वी याच माणसाचं पोट उघडलं होतं. जठराचा कर्करोग, यकृतापर्यंत पसरलेला. तेव्हाच्या सर्जननी जमेल तेवढं काढलं, बाकीचं तसंच ठेवलं आणि त्याला मरायला घरी पाठवलं. तो मेला नाही. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत रोझेनबर्ग यांनी त्याच्या यकृतावरून हात फिरवला. एकही गाठ हाताला लागली नाही. औषध नाही, किरणं नाहीत, काही नाही. शरीराने आपलं आपण निस्तरलं होतं.

पुढे काय केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. या माणसाच्या रक्तात काहीतरी असणार, म्हणून त्यांनी परवानगी घेऊन त्याचं रक्त जठराच्या कर्करोगाच्या दुसऱ्या एका रुग्णाला दिलं. काहीही फरक पडला नाही. तो रुग्ण गेला. म्हणजे या कारकिर्दीतला पहिला प्रयत्नच फसला होता. पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९७४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथे हे सरकारी संशोधन इस्पितळ आहे. संशोधनात सामील झालेल्या रुग्णाकडून तिथे उपचाराचे पैसे घेत नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं.

त्या काळी पसरलेला मेलॅनोमा म्हणजे सहा-नऊ महिने. केमोथेरपीला हा रोग दाद देत नसे. शरीराच्या पांढऱ्या पेशींतल्या टी-लिम्फोसाइट पेशी कर्करोगाला ओळखतात आणि मारू शकतात, असं रोझेनबर्ग यांना वाटत होतं. अडचण अशी की या पेशी शरीराबाहेर काढल्या की चार दिवसांत मरायच्या. १९७६ साली इंटरल्यूकिन-२ या प्रथिनाचा शोध लागला. ते घातलं की टी-पेशी काचेच्या भांड्यातही वाढत राहतात. आधी हे प्रथिन थेंबाथेंबाने मिळायचं. पुढे त्याचं जनुक हाती आल्यावर जिवाणूंकडून ते भरपूर बनवता येऊ लागलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, तिथे येते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून रोझेनबर्ग यांनी रुग्णांवर हे उपचार करून पाहायला सुरुवात केली. कधी पेशी दिल्या, कधी इंटरल्यूकिन. पहिल्या रुग्णाला गुण आला नाही. दहाव्याला नाही. तिसाव्याला नाही. पन्नासाव्याला नाही. एकामागून एक सहासष्ट रुग्णांवर उपचार झाले आणि सहासष्टही गेले. यात तरुण होते, लहान मुलांचे आईबाप होते. दुसरा काही उपाय उरला नाही हे समजून, कागद वाचून, सही करून ते आले होते. हा आकडा रोझेनबर्ग स्वतः सांगतात, लपवत नाहीत. संध्याकाळी राउंडला जाऊन त्याच माणसांच्या खाटेशी उभं राहायचं आणि सकाळी पुन्हा प्रयोगशाळेत जायचं, असं वर्षानुवर्षं केलं. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. पण त्यांच्यातल्या प्रत्येकाकडून काहीतरी कळलं. किती मात्रा सोसते, कशाने रक्तदाब कोसळतो, पेशी आणि इंटरल्यूकिन वेगवेगळं देऊन भागत नाही.

सदुसष्टावी रुग्ण नौदलातली एक अधिकारी होती, वय तेहतीस. मेलॅनोमा अंगभर पसरलेला. १९८४ च्या अखेरीस तिला पेशी आणि इंटरल्यूकिन यांची आधी कुणालाही दिली नव्हती इतकी मोठी मात्रा दिली. उपचारात ती जवळजवळ हातची जात होती, श्वासाची पंचाईत झाली. पण पुढच्या काही महिन्यांत तिच्या गाठी बसत गेल्या आणि शेवटी एकही उरली नाही. दशकं उलटल्यावरही ती रोगमुक्त होती.

आपल्या लेखातला "रुग्ण पूर्ण बरा झाला" हा सगळा भाग म्हणजे ही सदुसष्टावी. माझी तक्रार एवढीच आहे की सदुसष्टावी छापताना सहासष्टही छापायला हवेत. कारण आमच्या शेजाऱ्यांचा भाऊ कोणत्या बाजूला असेल, हे त्यांना कुणीतरी प्रामाणिकपणे सांगायला हवं होतं.

तिकडेही हेच झालं होतं. १९८५ च्या डिसेंबरात रोझेनबर्ग यांनी पंचवीस रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पंचवीसपैकी अकरा जणांच्या गाठी निम्म्याहून जास्त आटल्या होत्या. मासिकांनी मुखपृष्ठावर घेतलं, दूरचित्रवाणीवर झळकलं आणि बेथेस्डाचे फोन बंद पडायची वेळ आली. हजारो नातेवाईक एकाच वेळी फोन करत होते आणि खाटा मोजक्याच होत्या. वर्षभराने एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकीयात याच उपचारावर कडक टीका झाली: विषारी आहे, महाग आहे, एवढा गाजावाजा करण्याजोगा नाही. टीकेत तथ्य होतं. इंटरल्यूकिनच्या मोठ्या मात्रेने केशवाहिन्यांतून पाणी गळायला लागतं, अंग सुजतं, वजन भराभर वाढतं, रक्तदाब ढासळतो आणि माणूस अतिदक्षता विभागात जातो. उपचारानेच काही रुग्ण दगावलेही. पुढे २७० मेलॅनोमा रुग्णांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा १६ टक्के रुग्णांना गुण आला होता आणि सहा टक्क्यांच्या गाठी पूर्ण गेल्या होत्या. १६ म्हणजे फार नव्हे. पण ज्यांच्या गाठी पूर्ण गेल्या त्यांतले बहुतेक वर्षानुवर्षं तसेच राहिले, आणि असं त्याआधी पसरलेल्या मेलॅनोमात कधी दिसलं नव्हतं. १९९८ साली अमेरिकेत या रोगासाठी इंटरल्यूकिन-२ ला मान्यता मिळाली.

१९८५ च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली, त्या पथकातही रोझेनबर्ग होते. पत्रकारांपुढे आडवळण न घेता "राष्ट्राध्यक्षांना कर्करोग आहे" असं सांगणारे तेच. आपल्याकडे आजही घरातल्या माणसाला "साधी गाठ आहे" असं सांगून टाटाला नेतात, म्हणून मला ही गोष्ट लक्षात राहिली.

आता माझ्या टेबलाकडे वळते, कारण पुढचा शोध मला तिथूनच कळला. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रवात येतो. त्यावर प्रक्रिया करून तो पॅराफिनच्या, म्हणजे मेणाच्या, ब्लॉकमध्ये बसवायचा, ब्लॉक बर्फावर गार करायचा आणि मायक्रोटोमवर साधारण चार मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे. काप एकमेकांना चिकटून रिबन निघते. ती कोमट पाण्यावर अलगद सोडायची आणि सुरकुती पडू न देता स्लाइडवर उचलायची. मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग: पेशींची केंद्रकं निळी, बाकीचं गुलाबी. मेलॅनोमाचा ब्लॉक बहुतेक वेळा रंगवायच्या आधीच ओळखू येतो, मेणातसुद्धा तो काळपट तपकिरी दिसतो. कधीकधी रंगद्रव्य इतकं दाट असतं की खालची पेशीच दिसत नाही. मग पोटॅशियम परमँगनेटने तो रंग उतरवायचा, ऑक्झॅलिक ॲसिडने स्लाइड साफ करायची आणि पुन्हा नव्याने रंगवायची. अर्धा दिवस जातो, पण पॅथॉलॉजिस्टला केंद्रक दिसल्याशिवाय रिपोर्ट होत नाही.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना शिकवायची फार हौस. दोघींना बघता येईल अशा सूक्ष्मदर्शकाशी त्या मला बसवायच्या आणि गाठीची कड दाखवायच्या. मोठ्या, वेड्यावाकड्या, तपकिरी कण भरलेल्या कर्करोगाच्या पेशी, आणि त्यांच्याभोवती बारीक, गोल, गर्द निळे ठिपके. हे ठिपके म्हणजे लिम्फोसाइट. काही स्लाइडमध्ये ते नुसते कडेला थबकलेले असायचे, काहींत गाठीच्या आतपर्यंत शिरलेले. आत शिरलेले दिसले की मॅडम रिपोर्टमध्ये "ब्रिस्क" असं नोंदवायच्या आणि म्हणायच्या, "याचं शरीर भांडतंय हो." अशा रुग्णांचं पुढे त्यातल्या त्यात बरं चालतं, हे पॅथॉलॉजिस्ट लोकांना साठच्या दशकापासून माहीत होतं. आमच्याकडे त्या पेशी फॉर्मॅलिनमध्ये मेलेल्या. आम्ही त्यांची नोंद करायचो आणि ब्लॉक कपाटात ठेवून द्यायचो.

रोझेनबर्ग यांनी त्याच पेशी जिवंत बाहेर काढल्या. गाठ काढायची, तिचे बारीक तुकडे करून इंटरल्यूकिनमध्ये ठेवायचे. आत शिरलेले लिम्फोसाइट तुकड्यातून बाहेर येतात आणि वाढायला लागतात. काही आठवड्यांत ते अब्जावधी होतात, मग शिरेतून रुग्णाला परत द्यायचे. १९८८ साली त्यांनी मेलॅनोमाच्या वीस रुग्णांचे निष्कर्ष छापले, अकरा जणांच्या गाठी आटल्या होत्या. मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा कपाटातले ते ब्लॉक माझ्या डोळ्यांपुढे आले. ज्याची आम्ही रिपोर्टच्या एका ओळीत नोंद करत होतो, त्याचं त्या माणसाने औषध केलं होतं.

गुण मात्र टिकत नव्हता. दिलेल्या पेशी थोड्या दिवसांत नाहीशा व्हायच्या. यावरचा उपाय सापडायला आणखी चौदा वर्षं गेली. पेशी द्यायच्या आधी रुग्णाच्या अंगातले जुने लिम्फोसाइट केमोथेरपीने काढून टाकायचे, पेरणीआधी रान तणमुक्त करावं तसं. २००२ साली तेरा रुग्णांवर हे केलं, सहा जणांना ठळक गुण आला. काहींच्या कातडीवर कोडासारखे पांढरे डाग उठले, कारण त्या पेशी मेलॅनोमाबरोबर कातडीतल्या निरोगी रंगपेशींनाही मारत होत्या. डाग उठणं म्हणजे औषध लागू पडल्याची खूण. २०११ मध्ये त्यांनी ९३ रुग्णांचा हिशेब मांडला. वीस जणांच्या गाठी पूर्ण गेल्या होत्या, आणि त्या विसातले एकोणीस तीन वर्षांनंतरही तसेच बरे होते. उरलेल्या त्र्याहत्तरांपैकी काहींना थोडा गुण आला, काहींना नाही. हाही हिशेब त्यांनी लपवला नाही.

या पद्धतीवर बेतलेलं पहिलं औषध अमेरिकेत १६ फेब्रुवारी २०२४ रोजी मान्य झालं. रक्ताच्या नव्हे तर घट्ट गाठीच्या कर्करोगावर टी-पेशींचा उपचार मान्य होण्याची ती पहिलीच वेळ. ज्या ७३ रुग्णांच्या आधारावर मान्यता मिळाली, त्यांतल्या साडेएकतीस टक्क्यांना गुण आला होता. हे सगळे दुसऱ्या औषधांनी हात टेकलेले रुग्ण होते, हे लक्षात घेतलं तर आकडा लहान नाही. तेव्हाची किंमत ५ लाख १५ हजार डॉलर, म्हणजे चार कोटी रुपयांच्या वर. १९६८ ते २०२४. एका माणसाच्या कामाची छप्पन्न वर्षं. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते आणि रुग्ण पाहत होते.

नोबेल त्यांना मिळालेलं नाही. २०१८ चं नोबेल जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना मिळालं, आणि ते योग्यच होतं. टी-पेशींना जन्मजात ब्रेक असतो आणि तो सोडवला तर त्या स्वतःच कर्करोगावर तुटून पडतात, हे त्यांनी दाखवलं. ॲलिसन यांच्या कामातून आलेली अँटिबॉडी, म्हणजे असा ब्रेक सोडवणारं प्रथिन, २०११ च्या मार्चमध्ये मेलॅनोमासाठी मान्य झाली. तिच्या सुरुवातीच्या मानवी चाचण्यांपैकी एक रोझेनबर्ग यांच्याच विभागात झाली होती. आज दोन ब्रेक सोडवणारी दोन औषधं एकत्र दिली, तर पसरलेल्या मेलॅनोमाचे शंभरातले त्रेचाळीस रुग्ण दहा वर्षांनंतर हयात आहेत, असे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सहा-नऊ महिन्यांपासून इथवर. या उपचारांतही त्रास आहेच. सुटलेल्या पेशी आतड्यावर, फुप्फुसावर, थायरॉइडवर हल्ला करू शकतात, आणि असा रुग्ण जुलाब म्हणून गावच्या डॉक्टरकडे गेला तर वेळ वाया जातो. हेसुद्धा लेखात दोन ओळींत येऊ शकलं असतं.

शेजाऱ्यांना मी रान विकू नका असं सांगितलं. त्यांच्या भावाला मेलॅनोमा नाही, त्यामुळे ते चार कोटींचं औषध त्यांच्यासाठी नव्हतंच. पण "तुमच्यासाठी काहीच नाही" असंही म्हणायची वेळ आली नाही, आणि याचं श्रेय आपल्या मुंबईला आहे. आपल्या भागात तंबाखू, मावा, गुटखा यांनी तोंडाच्या कर्करोगाचे किती रुग्ण होतात हे मी माझ्या टेबलावर पाहिलं आहे. मेलॅनोमाचा ब्लॉक क्वचित यायचा, जिभेचा आणि गालाचा रोज. या रुग्णांना ब्रेक सोडवणारं निव्होलुमॅब हे औषध उपयोगी पडतं, पण नेहमीच्या मात्रेत ते बहुतेकांना परवडत नाही. टाटा मेमोरियलचे डॉक्टर विजय पाटील, डॉक्टर कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की इतकं औषध खरंच लागतं का? नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. त्यांनी तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिलं, आणि त्याच्या जोडीला तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त गोळ्या. एकूण १५१ रुग्ण, निम्म्यांना नुसत्या गोळ्या, निम्म्यांना गोळ्या आणि हे इंजेक्शन. वर्षभराने नुसत्या गोळ्या घेतलेल्यांत सव्वासोळा टक्के हयात होते, इंजेक्शन घेतलेल्यांत ४३ टक्क्यांहून अधिक. हे २०२२ मध्ये जगातल्या अग्रगण्य कर्करोग नियतकालिकात छापून आलं.

संपादक महोदय, ही बातमी मुंबईची, औषधाची मात्रा आपल्या खिशाची आणि रोग आपल्या घराघरातला. तिला आपल्या पानावर किती जागा मिळाली होती, हे आपणच जुने अंक काढून पाहावं. अमेरिकेतल्या चार कोटींच्या उपचाराला अर्धं पान मिळतं, तर परळच्या वीस मिलिग्रॅमला पाऊण पान मिळायला हवं. यातही शंभरातले सत्तावन्न वर्षभरात गेले, तेही त्याच बातमीत लिहावं. वाचक घाबरत नाही. खोटी आशा दाखवून नंतर हात झटकले की तो जास्त खचतो.

एक धागा थेट बेथेस्डापासून आपल्यापर्यंत आला आहे, तोही लेखातून राहिला. रक्ताच्या काही कर्करोगांत रुग्णाच्या टी-पेशींत नवीन जनुक घालून त्यांना शत्रू ओळखायला शिकवतात, त्याला कार-टी म्हणतात. लिम्फोमा या तसल्याच एका कर्करोगाच्या रुग्णात हा उपचार लागू पडल्याचं रोझेनबर्ग यांच्या विभागातल्या गटाने २०१० मध्ये पहिल्यांदा छापलं. आपली स्वतःची कार-टी आयआयटी मुंबईत डॉक्टर राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत आणि टाटाच्या खारघर केंद्रातल्या डॉक्टरांनी मिळून तयार केली. त्यासाठी त्यांना बेथेस्डाच्या त्याच संस्थेतल्या डॉक्टर निराली शहा यांचं सहकार्य मिळालं. २०२३ च्या ऑक्टोबरात देशात तिला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते लोकार्पण झालं. किंमत अमेरिकेतल्या उपचाराच्या साधारण एक दशांश. अजूनही ती सामान्य घराच्या आवाक्यात नाही, पण दिशा आहे. लोकार्पणाचा फोटो सगळ्यांनी छापला. खारघरला पेशी कशा वाढवतात, तिथला तंत्रज्ञ रात्रपाळीत काय करतो, रुग्णाला ताप आला की कोण धावतं, हे पाहायला आपण एखादी वार्ताहर पाठवावी अशी माझी विनंती आहे. लिम्फोसाइट वाढवणाऱ्या माझ्यासारख्याच कुणाचं तरी नाव एकदा छापून यावं, एवढी इच्छा आहे.

चाचण्यांबद्दलही लिहा. आपल्याकडे डॉक्टरने "ट्रायलमध्ये येता का" विचारलं की घरचे म्हणतात, "आमच्यावर प्रयोग करताय का?" भीती समजण्यासारखी आहे, गरिबांना न सांगता काही केल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. म्हणूनच नियम आहेत. २००९ पासून देशातल्या प्रत्येक औषध चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत करावीच लागते आणि ती कुणालाही संगणकावर पाहता येते. कागद मराठीत मागता येतो, घरी नेऊन वाचता येतो, नाही म्हणता येतं, मध्येच बाहेर पडता येतं. हे माहीत असेल तर माणूस डोळसपणे हो किंवा नाही म्हणेल. टाटाच्या १५१ जणांनी हो म्हटलं, म्हणून शेजाऱ्यांच्या भावाच्या डॉक्टरांशी बोलायला आज आमच्याकडे काहीतरी आहे.

शेवटचं मागणं मेलॅनोमाचंच आहे. गोऱ्या लोकांत हा रोग उन्हाने होतो आणि पाठीवर, पायांवर दिसतो. आपल्याकडे तो कमी आहे, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो. माझ्याकडे आलेले असे बहुतेक ब्लॉक शेतात अनवाणी काम करणाऱ्यांचे होते. फॉर्मवरची हकिगत जवळपास तीच असायची: कुरूप समजून ब्लेडने तासलं, काटा मोडला असेल म्हणून शेक दिला, नख काळं पडलं तर दगड लागला असेल म्हणून वर्षभर सोडून दिलं. तोवर जांघेत गाठ आलेली असायची. हा रोग सुरुवातीला सापडला तर नुसतं शस्त्रक्रियेने भागतं. पेशी नकोत, इंटरल्यूकिन नको, कोट्यवधी नकोत. आपलं शेतीविषयक पान खेड्यात आवर्जून वाचलं जातं. त्या पानावर तळपायाच्या छायाचित्रासह एक चौकट छापा: तळव्यावर काळा डाग असेल, तो पसरत असेल, त्याची कड वेडीवाकडी असेल, त्यात दोन-तीन रंग दिसत असतील किंवा त्यातून रक्त येत असेल, नखात काळी पट्टी रुंदावत असेल, तर ब्लेड लावू नका, सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवा. मजकूर तपासून द्यायला इथल्या एक त्वचारोगतज्ज्ञ तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. सुगी सुरू व्हायच्या आत ही चौकट आली तर बरं होईल.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ, मिरज)